आधी डावा पाय

खुबा बदललेल्या बाईने धावायचे जोडे घ्यायला दुकानात जावं, यात लोकांना एवढं नवल काय वाटतं हे मला अजून कळलेलं नाही. अमरावतीच्या त्या दुकानातल्या विक्रेत्याने माझे पांढरे केस पाहिले आणि विचारलं, "काकू, वॉकिंगचे दाखवू का?"

"धावायचे दाखवा," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

"शेजारणीसाठी. धावणार ती आहे, माप माझं घ्या."

तो बिचारा गोंधळला. माझ्या शेजारी नवरा उभा होता. आयुष्यभर दिवाणी वकिली केलेला माणूस, भाजी घेतानासुद्धा उलटतपासणी घेतो. हा सोल किती महिने टिकतो, ओल्या गवतावर घसरतो का, हे तुम्ही स्वतः घालून पाहिलंय की नुसतं ऐकलंय, असे त्याचे प्रश्न सुरू झाले. मी स्टुलावर बसले. खुर्ची उंच आहे का हे आधी पाहून मगच बसायचं, ही सवय वर्षभरात अंगवळणी पडली होती.

मी भूगोलाची शिक्षिका. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. धावायला लागले ते पंचेचाळिशीनंतर, शाळेच्या मैदानावर, सकाळी पोरं यायच्या आत. सुरुवातीला लोक विचारायचे, बाई, कोण मागे लागलं? मग विचारेनासे झाले. धावून काही बक्षीस मिळवायचं नव्हतं. घरात मी कुणाची बायको, कुणाची सून, कुणाची आई, शाळेत 'बाई'. त्या अर्ध्या तासात मी कुणाचीच कुणी नसायचे, आणि मला ते फार आवडायचं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती. बोलले असते तर त्याला वाईट वाटलं असतं, असं मला वाटायचं.

मग दुखणं सुरू झालं. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

दुखत होतं ते जांघेत, डाव्या. पण माझ्या वलगावच्या माहेरात जांघ हा शब्द बायकांच्या तोंडी यायचाच नाही. आम्ही भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या पोरी, बोलायला फटकळ. पण कमरेखाली आणि गुडघ्याच्या वर आम्हाला शरीरच नव्हतं म्हणा ना. आईच्या पोटात गाठ झाली तेव्हाही ती 'कंबर दुखते' एवढंच म्हणत राहिली. मी पृथ्वीचा नकाशा फळ्यावर हाताने काढणारी बाई, पण पुरुष डॉक्टरसमोर बसले आणि त्यांनी "कुठे दुखतं?" विचारलं तेव्हा तोंडून निघालं, "गुडघा." थोडं गुडघ्यातही दुखायचं, त्यामुळे अगदी खोटं बोलतेय असंही वाटलं नाही.

दीड वर्ष गुडघ्याचे उपचार झाले. गोळ्या, शेक, पट्टा. नवरा रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून माझ्या गुडघ्याला लावायचा. कोर्टातून आला की कपडे बदलायचे, चहा घ्यायचा आणि वाटी घेऊन माझ्या पायाशी बसायचं. "बरं वाटतं का?" तो विचारायचा, आणि मी म्हणायचे, "बरं आहे." शेवटी गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ निघाला. दुसऱ्या डॉक्टरांनी मला आडवं केलं, पाय हळूच आतल्या बाजूला वळवला आणि मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकावर बसलेला नवरा दार न वाजवता आत आला. खुब्याचा सांधा पार झिजला होता.

परतताना रिक्षात तो एवढंच बोलला, "दीड वर्ष मी भलत्याच जागी तेल लावलं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

तर त्यानंतर ऑपरेशन झालं. ते छान पार पडलं. काठी सुटली, जिने सुटसुटीत झाले. वर्ष झाल्यावर मी सर्जनना विचारलं, धावू का? ते काही हुरळून हो म्हणाले नाहीत. चाला, सायकल चालवा, पोहा, म्हणाले. मी हटून बसले. मग त्यांनी माझे एक्स-रे पुन्हा पाहिले, मला खोलीत इकडून तिकडे चालवलं आणि म्हणाले, सहा आठवडे करून बघा. मातीवर, एक मिनिट धावायचं, तीन मिनिटं चालायचं. दुखलं किंवा पाय लंगडला की त्या दिवशीच थांबायचं आणि सांगायचं. "बाई, तुमचं आतलं दुखणं मला दिसत नाही. तुम्ही जे सांगाल त्यावर मी चालणार. लपवलंत तर पुन्हा धावायचं नाव काढायचं नाही."

नवऱ्यानेही बाहेर येऊन तीच अट घातली, फक्त त्याचे शब्द कमी होते. "धाव. पण खरं सांग."

म्हणजे धावणं तर पणाला लागलेलंच होतं, माझा शब्दही लागला होता. दोन्हींची मुदत सहा आठवडे.

दुकानातल्या पोराने खोका उघडला, एक जोडा काढला, दुसरा कागदात तसाच ठेवला. सगळीकडे हीच पद्धत. एक जोडा घालून बघायचा, बसला की घ्यायचा. आणि एकच घालायचा तर कुठला पाय पुढे करायचा, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. नवरी घरात येते ती उजव्या पायाने, नवी चप्पल घालायची ती उजव्या पायात. मी उजवा पाय पुढे केला. जोडा मऊ, एवढा मऊ की गादीवर उभी आहे असं वाटलं. पाच नंबर. अंगठ्यापुढे जागा, टाच घट्ट. "कसं आहे?" नवऱ्याने विचारलं. "बरं आहे," मी म्हटलं. उजव्या पायाला बरंच होतं. डाव्याला विचारलं कुणी?

इथे कुणी म्हणेल, बाई, ऑपरेशन डाव्या पायाचं, आणि जोडा तपासला उजव्यावर? अक्कल गहाण ठेवली होती का? होय, ठेवली होती. साठ वर्षं उजवा पाय पुढे टाकणाऱ्या बाईला डाव्याची आठवण ऐनवेळी होत नाही. पूर्वी मी धावायचे ते लेकीने पाठवलेल्या जोड्यांत, ते एक नंबर मोठे होते, त्यात दोन्ही पाय सुखाने लोळायचे. म्हणून माझे दोन पाय सारखे नाहीत हे मला माहीतच नव्हतं.

पहिले चार दिवस मी हवेत होते. सकाळी साडेसहाला मैदानावर जायचं, घड्याळ लावायचं, एक मिनिट धावायचं. धावणं कसलं, म्हातारीचं लगबग करणं. पण दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैदानावर कुणी नव्हतं म्हणून पुसलंही नाही.

पाचव्या दिवशी डाव्या पायाची करंगळी दुखायला लागली. मी ती वाचवायला पाऊल जरा आतल्या बाजूवर टाकू लागले, आणि त्या मऊ जाड सोलावर पाय डुगडुगायचा. आणखी दोन दिवसांनी जांघेत बारीक ओढ लागली. हे सांगितलं तर सगळं संपलं, मला वाटलं. नवा जोडा आहे, चावणारच, चार दिवसांत होईल सैल, अशी मी स्वतःची समजूत काढली. घरी आल्यावर नवरा पडवीत पेपर वाचत असायचा. "कसं आहे?" तो पेपरामागून विचारायचा.

"बरं आहे," मी म्हणायचे आणि आत जायचे.

ठोकर खाऊनही मी शहाणी झाले नव्हते. याची मला लाज वाटते, आजही वाटते.

त्याच आठवड्यात मार्गशीर्ष लागला. माझी मोठी बहीण अकोल्याला असते, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. तिच्या सासरी तीन पिढ्या फुलांचा धंदा. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिच्याकडे हारांची एवढी मागणी असते की घरातले सगळे हात कमी पडतात, म्हणून दरवर्षी मी बुधवारीच जाते आणि तिच्यासोबत शेवंती ओवते. मागच्या वर्षी ऑपरेशनमुळे चुकलं होतं. यंदा मी एसटीने गेले. जाताना पायात तेच जोडे होते, एवढे दाम मोजलेत तर घालून घालून सैल करू म्हणून.

ताई जमिनीवर बसते, तिच्याभोवती पिवळ्या पांढऱ्या फुलांचे ढीग. मी आजवर तिच्यासमोर मांडी घालूनच बसले होते. आता मला तसं बसायचं नाही. तिने माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, त्यावर उशीसुद्धा. मी जोडे काढून खुर्चीवर बसले, मांडीवर ताट घेतलं आणि ओवायला लागले. आमच्या गप्पा सुरू झाल्या. साठ वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की मी वर आणि ताई खाली, आणि तिचे डोळे नेमके माझ्या पावलांच्या उंचीवर.

तिचा हात थांबला.

"हे काय वं? करंगळीचं नख काळं पडलं तुह्यं."

"जोडा नवा आहे. चावतो."

"नवा जोडा चावते तं दोन्ही पायाले चावते. ह्या एकाच पायाले काहून?"

मी फूल ओवत राहिले.

"उठ. थ्या दारालोक चालून दाखव मले."

"ताई, हार राहतील."

"हार जाऊ दे. चाल म्हणतो तं चाल."

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. शक्य तितकं नीट चालले. शाळेच्या तपासणीला अधिकारी आले की चालायचे तशी.

"लंगडून रायली तू," ताई म्हणाली. "थोडंसं. पण रायली. तुह्या नवऱ्याले सांगतलं?"

"नाही."

"डाक्टरले?"

"नाही म्हटलं ना."

मला तिचा भयंकर राग आला. आपली चोरी पकडणाऱ्याचा येतो तसा. मी म्हटलं, सांगितलं की बंद होईल सगळं, मला तेवढंच एक सुख आहे, तुला काय कळणार. ताईने सुई शेवंतीत टोचून ठेवली. "मायनं बी असंच केलं," ती म्हणाली. "कंबर कंबर करत गेली थे. मंग तू गुडघा गुडघा केलं. आता जोडा जोडा करून रायली. तुमच्या तोंडाले कोणी टाका घातला काय वं?"

आईचं नाव निघालं आणि ताई रडली नाही, मी रडले. तिने हात पदराला पुसले, सुनेला ढिगाजवळ बसवलं आणि मला म्हणाली, चप्पल घाल, जोडे पिशवीत घे.

दोन गल्ल्या सोडून एक अरुंद दुकान आहे, म्हातारा दुकानदार आणि भिंतभर खोके. ताईच्या घरचे सगळे तिथूनच घेतात. त्याने माझे जोडे हातात घेतले, उलटे केले, सोल दाबला, दोन्ही टोकांना धरून पिळून पाहिला. फडकं पिळावं तसा पिळला गेला तो.

"गादी चांगली हाये," तो म्हणाला. "झोपाले. बाई, कोन्त्या पायाचं आपरेशन?"

"डावा."

"आन् घालून कोन्त्या पायात पायला व्हता?"

माझ्या आधी ताईच हसली. मग मीही हसले. त्याने मात्र हसू दाखवलं नाही. त्याने मला जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. कागद उचलून माझ्यासमोर धरला. डावं पाऊल उजव्यापेक्षा लांब होतं, आणि करंगळीकडे चांगलंच पसरट. पाच नंबरच्या जोड्यात ते कोंबलं होतं मी.

"हे आपरेशननं झालं की पहिल्यापासून व्हतं, थे देव जाने," तो म्हणाला. "पण जोडा घ्यावा तं मोठ्या पायाच्या मापानं. लहान पायाले काय, एखादा जाड मोजा घातला की झालं. मोठ्या पायाले कापता येते काय?"

"आणि डावा पाय उंच झालाय का? मला कधी कधी वाटतं तसं," मी विचारलं.

"थे मले इचारू नका. थे डाक्टरले इचारा. उंची सारखी कराले म्या जोड्यात काही टाकून देणार नाई." हा माणूस मला फार आवडला. आपल्या हद्दीत राहून बोलणारी माणसं कमी भेटतात.

त्याने तीन खोके काढले. पुढून रुंद, सोल बेताचा जाड आणि खालून पसरट, पिळला तर न पिळणारा. जोडा ओढून घालायला मागे फास होता, म्हणजे मला फार वाकावं लागणार नव्हतं. त्याने दोन्ही जोडे कागदातून काढून जमिनीवर ठेवले आणि म्हणाला, "आधी डावा पाय."

मी उजवा उचलला होता. तसाच हवेत राहिला. खरं सांगते, डावा पाय आधी घालायला मला जड गेलं. मी ताईकडे पाहिलं. तिने आयुष्यभर देवाची फुलं ओवलीत, सोवळंओवळं माझ्यापेक्षा दहापट पाळते. "घाल ना," ती म्हणाली. "देव काय जोडे पाहून रायला?"

मी डावा घातला. मग उजवा. सहा नंबर. गल्लीत वर खाली तीनदा चालले. भाजीच्या गाड्या चुकवत, ताई मागून माझी पावलं बघत. करंगळी मोकळी होती. जांघेतली ओढ मात्र होती, बारीकशी, जोड्याने एका दिवसात जाणारी नव्हतीच ती. ती तिथेच होती आणि ती मला सांगायला हवी होती.

दुकानाच्या बाकावर बसून मी नवऱ्याला फोन लावला. ताई शेजारी बसली, कुठे जाऊ नको म्हणून मीच तिचा हात धरला.

"ऐका," मी म्हटलं. "जोडा चुकला होता. चार दिवसांपासून लंगडतेय. आणि जांघेत दुखतंय. जांघेत. गुडघ्यात नाही."

म्हातारा दुकानदार खोके लावायला आत वळला.

"ठाऊक आहे," पलीकडून नवरा म्हणाला. "तू फाटकातून येतेस ना, फरशीवर पावलं वाजतात. चार दिवस झाले, एक जोरात वाजतं, एक हळू."

"मग विचारलं का नाहीत?"

"रोज विचारत होतो. कसं आहे, म्हणून. आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवता येत नाही."

मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने विचारलं, जेवलीस का, आणि ताईला नमस्कार सांग म्हणाला.

मी एक दिवस राहिले, गुरुवारचे हार पोचते केले, आणि अमरावतीला आल्यावर आधी सर्जनकडे गेले. सगळं सांगितलं, कुठे, कधीपासून, आणि चार दिवस लपवलं हेही. त्यांनी पाय फिरवून पाहिला, एक्स-रे काढला. सांधा जागच्या जागी होता. वाकडं चालून स्नायू ओढला गेला होता, म्हणाले. दहा दिवस नुसतं चाला, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. धावायचं नाव काढू नका असं ते म्हणाले नाहीत.

अकराव्या दिवशी मी पडवीत बसून जोडे घातले. आधी डावा. मैदानात थंडी होती. एक मिनिट धावले, तीन मिनिटं चालले, असं सहा वेळा. दोन्ही पाय सुटे होते. शेवटच्या मिनिटाला जांघेत किंचित ओढल्यासारखं झालं, आणि मी तिथेच थांबले, घड्याळात वीस सेकंद उरले असताना. ते वीस सेकंद मला फार हवे होते.

फाटक उघडलं. फरशी ओलांडली. नवरा पेपर धरून बसला होता.

"आज दोन्ही सारखी वाजली," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारायच्या आतच मी म्हटलं, "पण शेवटी जांघेत ओढलं. थोडंसं. मी थांबले."

त्याने पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग जोड्यांकडे.

"मग उद्या एक फेरी कमी," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. तो उठून आत गेला आणि येताना त्याच्या हातात तेलाची वाटी होती. "कुठे लावू?" त्याने विचारलं. मी दाखवलं.